दाखल्याआधी सुटलेलं पोतं

आमच्या दोघांचं शेवटचं साधं काम म्हंजे गुलाल चाळणं. दुपारची वेळ. शिरूरच्या आमच्या घरात, पडवीत जुनी साडी अंथरली होती. मी पोत्यातला गुलाल चाळणीत ओतायचो, जैतून चाळायची. खडे निघाले की बोटानं फोडायची आन् मला बोल लावायची, की माल घेताना डोळे कुठं होते. पंखा बंद, कारण पंखा लावला तर गुलाल घरभर. घामानं दोघंही गुलाबी झालो होतो. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "लगीन लागलं तवा एवढे रंगला न्हवता."

चाळून झाल्यावर तिनं त्यातला मऊ मऊ गुलाल बाजूला काढला. केवड्याच्या अत्तराचे थेंब सोडून हातानं मळला, पांढऱ्या कापडाच्या पिशवीत भरला आन् तोंडाला दोऱ्यानं तिची ती दुहेरी गाठ मारली. ती गाठ तिच्याशिवाय कुणाला सुटत नसे. "ही आक्काची," म्हणाली. "हिला हात लावायचा न्हाई." मग आम्ही चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती भिंतीला टेकली. दवाखान्यात नेईस्तोवर संपलं होतं. एवढंच लिहितो. जास्त लिहायला गेलो तर पुढचं राहील.

मी आतार. आतार म्हंजे कुंकू, गुलाल, बुक्का, अत्तर विकणारे आम्ही मुसलमान. आजोबा बैलगाडीनं जत्रा करायचे, बापानं सायकलवर बाजार केले, मी कवठे येमाईच्या यात्रेपासून दौंडच्या बाजारापर्यंत पाल टाकत आलो. शाळा चौथीपर्यंत. दिवाळी अंक काढणाऱ्या बाई दुकानावर आल्या आन् म्हणाल्या, "आतारमामा, मतमोजणीच्या दिवशी तुम्ही बाहेर गुलाल विकता, त्याच्या गमती लिहा." लिहितो. पण गमतीसाठी बसलो नाही हे आधीच सांगतो. माझं तोंड सगळ्या तालुक्यानं मोबाइलवर बघितलंय. आता माझं म्हणणं कागदावर बघा.

आधी धंदा समजून घ्या. गुलाल दोन जातीचा. एक मऊ, पिठासारखा. तो अंगावर पडला तर झटकला की जातो. दुसरा स्वस्त, त्यात खडूची भुकटी. तो डोळ्यांत गेला की माणूस आंधळ्यागत चाचपडतो. कोरडा गुलाल कोरडाच काढायचा. पाणी लागलं की रंग मुरतो, मग कपडा असो का भिंत, जन्मभर गुलाबी. जैतून गिऱ्हाइकाला हे दर वेळी सांगायची आन् गिऱ्हाईक दर वेळी घरी जाऊन बादली ओतून घ्यायचं.

यात्रेत गुलाल चिमटीनं जातो, मोजणीच्या दिवशी पोत्यानं. मोजणी तालुक्याच्या गावी होते. आत टेबलं मांडलेली असतात, टेबलावर मतदानाची यंत्रं, समोर जाळी, जाळीमागं उमेदवारांची माणसं आकडे टिपत बसलेली. मोबाइल आत नेता येत नाही. त्यामुळं आतली बातमी बाहेर येते ती माणसाच्या तोंडानं. कुणी लघवीला म्हणून उठतो आन् फाटकाशी येऊन बोटं दाखवतो. बाहेर त्या दोन बोटांची पाच होतात. चहाच्या टपरीपाशी पोचेस्तोवर माणूस निवडून आलेला असतो.

आन् निवडून आला की पहिली धाव आमच्या पालाकडं. "पोतं सोडा!"

जैतून पोत्यावर बसलेली असायची. बसलेली म्हंजे खरंच वर बसलेली. विचारायची, "दाखला आणला का?"

निवडून आल्यावर मोजणीचे साहेब सही करून तसा दाखला देतात. तो बघितल्याशिवाय ती उठायची नाही. स्पीकरवर नाव पुकारलं तरी नाही. लोक चिडायचे. एकदा एका पुढाऱ्यानं आवाज चढवला, "मावशी, मी कोण हाय म्हाईत हाय का?" ती म्हणाली, "आजून न्हाई. साहेब सांगतील मग कळंल."

दुसरे गुलालवाले आम्हाला हसायचे. निम्मं गिऱ्हाईक त्यांच्याकडं जायचं. पण हळूहळू झालं काय, की लोक निकाल स्पीकरवर ऐकायचे आन् भरवसा आमच्या पोत्यावर ठेवायचे. बंदोबस्ताचे हवालदारसुद्धा विचारायचे, "आतारणीबाई उठल्या का?" उठल्या म्हंजे निकाल लागला. मोबाइलवर बातम्या दाखवणारे लोक तर आमच्या पालाशेजारीच काठ्या रोवून उभे राहायचे. आतल्यापेक्षा इथं सावली, चहा आन् निकाल, तिन्ही मिळायचं.

दौंडला एकदा नगरपालिकेची मोजणी होती. एका वॉर्डात दोघांचं अगदी घासून चाललेलं. एका चॅनलवाल्यानं एकाला विजयी केलं, दुसऱ्यानं दुसऱ्याला. आमचं पोतं बंद. पलीकडच्या गाडीवाल्यानं दोघांनाही माल दिला. दोन मिरवणुका एकाच चौकात समोरासमोर. वाजंत्री दोन, हारतुरे दोन, रंग मात्र एकच. इन्स्पेक्टर मधी उभा राहून ओरडला, "ह्यातला निवडून आलेला कोण?" दोन्हीकडून हात वर! शेवटी हरलेल्याला तिथंच कळलं. तो खाली उतरला, तर त्याला ओळखीना कुणी, सगळेच गुलाबी. जिंकलेल्याच्या पोरांनी चुकून त्यालाच खांद्यावर घेतलं. घरी येताना जैतून म्हणाली, "रंगाला कळत न्हाई, म्हणून आपल्याला कळाया पायजे."

एक म्हातारे मास्तर होते. दर पंचायतीला उभे राहायचे, दर वेळी पडायचे. निकाल लागला की शांत येऊन चिमूटभर गुलाल मागायचे आन् जिंकलेल्याच्या कपाळाला स्वतः लावायचे. जैतून त्यांच्याकडून पैसे घेत नसे. मी म्हणायचो, हरलेलं गिऱ्हाईक पोसायला आपण काय पतपेढी हाय का. ती म्हणायची, दाखला न मागता ज्याला देता येतो असा हा एकच माणूस.

आता आक्का.

सखूबाई कोळपे हे तिचं नाव. आम्ही आक्का म्हणतो. धनगराची लेक, धनगराची सून. तिचा बाप मेंढरं घेऊन फिरायचा. तिच्या वाट्याला थोडी शेती आली आन् घोंगड्या विकायचा धंदा. बाजारात तिचं पाल आमच्या पालाला लागून. दोघीही भांडखोर, त्यामुळं जमलं. नवरा गेल्यावर आक्का गावातल्या भानगडीत पडायला लागली. तिच्या वस्तीला पाण्याची लाइन नव्हती. बाया हायवे ओलांडून हंडे आणायच्या, आन् एक दिवस वस्तीतली एक सून हंड्यासकट गाडीखाली गेली. त्यानंतर आक्का पंचायतीत जाऊन बसायची आन् उठायची नाही. शेवटी सरपंचकीला उभी राहिली. गावाचं नाव लिहीत नाही. शिरूर तालुक्यातलंच हाय.

फॉर्म भरला त्या दिवशी पालावर आली. जैतून म्हणाली, "आक्के, सरपंच झालीस तर इसरशील मला."

"इसरंन कशी? गुलाल फुकट घेणार हाय तुझ्याकडनं."

"फुकट न्हाई. पण माझ्या हातचा देईन. केवडा घालून."

"मग घासून घेती का न्हाई बघ दोन्ही गालाला," असं म्हणून आक्का हसली होती.

तीच ती पांढरी पिशवी.

जैतूनला मातीआड करून फार दिवस झाले नव्हते. पोरगी यवतला दिली हाय, ती म्हणाली, "अब्बा, औंदा पाल नको." मी म्हणालो, तुझ्या आईनं शब्द दिलाय. तसा मी शब्दाला लई पक्का माणूस नाही. घरात बसवत नव्हतं हे खरं कारण. पडवीत कोपऱ्यात अजून गुलाबी डाग होता.

मोजणीच्या दिवशी पोत्यावर मी बसलो. सवय नव्हती. बूड दुखायला लागलं. तवा कळलं, ही बाई इतकी वर्षं तासन्‌तास कशी बसली असंल.

आक्का फाटकापासून लांब, लिंबाखाली टेम्पोत बसली होती. तिचा पुतण्या संपत आत आकडे टिपायला. दुपार कलली तसा तो पळत आला. नुसता पळत नाही, नाचत.

"मामा, सोडा पोतं! आक्का आल्या!"

"दाखला?"

"आवो कशाचा दाखला? ह्या डोळ्यांनी आकडे बघितले. सगळी टेबलं झाली. थोड्याच मतांनी, पण पुढं हाय. समोरच्यांच्या माना खाली."

"स्पीकरवर बोलले न्हाईत अजून."

"साहेबांचं लिखापढीचं चाललंय. त्याला येळ लागतो." मग तो माझ्या जवळ आला आन् हळू म्हणाला, "मामा, आज मामी असती तर तिनं आपल्या हातानं टाकला असता."

तिथं मी संपलो. खोटं होतं ते. मामी असती तर तिनं ह्याला पोत्याजवळ उभा केला नसता. मला ते तवाही ठाऊक होतं. पण तिचं नाव कुणीतरी घेतलं, इतक्या गर्दीत, आन् मला वाटलं, ती इथंच हाय, आन् तिचं एक काम माझ्या हातून होतंय.

मी उठलो. संपतबरोबरच्या पोरांनी पोतं उचललं. मी ती पांढरी पिशवी काढली. गाठ सुटेना. दातानं तोडली. त्या वक्ताला दिगंबर काठीला मोबाइल लावून समोर उभा. दिगंबर म्हंजे आमच्याकडचा चॅनलवाला. झेरॉक्सचं दुकान चालवतो आन् निवडणुकीत बातम्या. त्यानं विचारलं, "आतारमामा, पोतं सुटलं म्हंजी निकाल लागला का?"

"लागला," मी म्हणालो. "गुलाल आक्काचा. आता काय राह्यलं?"

ते तुम्ही बघितलं असंल. तोंडात दोरा हाय, दाढीला गुलाल हाय आन् मी हसतोय. बायको जाऊन महिना न झालेला माणूस.

पिशवी घेऊन मी टेम्पोपाशी गेलो. आक्का उभी राहिली.

"आतारभाऊ, खरं का?"

"खरं, आक्का."

"संपत्याचं मी ऐकत न्हाई. तुमी सांगा. दाखला बघितला?"

मी म्हणालो, "जैतूनची शपथ." आन् तिच्या कपाळाला केवड्याचा गुलाल लावला, उरलेला तिच्या पदरात ओतला.

दाखला बघितला असं मी म्हणालो नाही. शपथ घातली. तिनं समजायचं ते समजलं. ती रडली, म्हणाली, "आतारणी बघाया पायजे होती." मग टेम्पो निघाला, तिची आतली सगळी माणसं बाहेर आली, संपत टपावर चढला, आन् वाजतगाजत ते गावाकडं गेले. दिगंबरचं बघून आणखी दोन-तीन चॅनलनी तेच लावलं. लोकांच्या मोबाइलवर आक्का सरपंच झाली. वर मोठ्या अक्षरात, खाली माझा फोटो.

आत काय झालं होतं ते नंतर कळलं. एका प्रभागाचं यंत्र सुरूच झालं नव्हतं. पडदा काळा. साहेबांनी ते बाजूला ठेवलं, की बाकीचं उरकू, मग बॅटरी बदलून बघू. संपतनं टेबलं रिकामी झालेली बघितली, बाजूला ठेवलेलं यंत्र बघितलं नाही. बॅटरी बदलली, यंत्र बोललं, आन् ते यंत्र समोरच्याच्या भावकीच्या वस्तीतलं. आक्का पडली. किती मतांनी, तर एका टेम्पोत बसतील तेवढ्या माणसांनी.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त पोळलं ते सांगतो. एवढं घासून झालं की हरणाऱ्याला पुन्हा मोजा म्हणता येतं. पण ते साहेबांनी निकाल सांगायच्या आत, तिथल्या तिथं, लेखी द्यावं लागतं. साहेबांनी विचारलं, कोळपेबाईंकडून कोणी हाय का? खुर्च्या मोकळ्या. तिची सगळी माणसं माझ्या पोत्यातला गुलाल अंगावर घेऊन हायवेला नाचत होती. साहेब थांबले, परत विचारलं, मग नाव पुकारलं.

ते यंत्र बरोबर होतं का बिघडलेलं, संपतनं आकडे नीट टिपले होते का नाही, पुन्हा मोजलं असतं तर काय निघालं असतं, हे आता कुणालाच कळायचं नाही. कळायची जी एक वेळ होती ती मी उधळून दिली.

स्पीकरवर नाव आलं तवा मी पालात पाणी पीत होतो. तांब्या तसाच हातात राहिला. थोड्या वेळानं समोरचे आले. दाखला घेऊन आले. सगळ्यात पुढच्यानं तो माझ्या नाकासमोर धरला.

"हा बघा मामा. साहेबाची सही. आता आमचं पोतं काढा, का तेबी तिकडंच दिलं?"

मी पोतं काढून दिलं.

"गुलाल कुणाचा मामा? बोला की आता क्यामेऱ्यात. मघाशी लई तोंड चाललं हुतं!"

मागनं कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे रं, म्हातारी गेली त्याची." ते जास्त लागलं. पोरं पैसे ठेवून गेली. मी मोजले नाहीत.

दिगंबर काठी गुंडाळत होता. मी म्हणालो, "दिगंबर, ते माझं काढून टाक. चुकलं म्हणून सांग लोकांना."

"काढलंय की मामा. नवीन लावलंय, विजयी उमेदवाराची मुलाखत."

"चुकलं म्हणून सांगितलं का?"

"आपण कुठं चुकलो? आपण म्हणालोच न्हाई आक्का आल्या. आपण तुमचं म्हणणं दाखवलं." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घिऊ नका. उद्याच्याला कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

त्याच्या मोबाइलवरनं गेलं, पण लोकांच्या मोबाइलवरनं कुठं जातंय? संध्याकाळपर्यंत त्याला गाणं लावून फिरवत होते. मी दातानं दोरा तोडतोय, मग आक्काचं रडणारं तोंड, मग हसण्याचा आवाज.

आक्काला कसं कळलं ते संपतच्या बायकोनं माझ्या पोरीला फोनवर सांगितलं. मिरवणूक वेशीतनं आत आली, घराच्या दारात पोचली. आक्का उंबऱ्यावर उभी. बाया ओवाळत होत्या. आन् एकेकाचे फोन वाजायला लागले. वाजंत्री थांबली. ओवाळणारीच्या हातात ताट तसंच. शेवटी आक्काच म्हणाली, "ताट खाली ठेव, बये. हात दुखंल." आन् आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी गावाला गेलो. बरोबर जैतूनची केरसुणी आन् तीच पांढरी पिशवी, रिकामी.

वेशीपासून सुरू केलं. कोरडंच झाडत गेलो. दव पडलं होतं, काही ठिकाणी रंग मुरला होता, तो निघाला नाही. चावडीपाशी बसलेले बघत होते. एकानं मोबाइल काढला. दुसऱ्यानं त्याचा हात खाली केला. एकजण म्हणाला, "मामा, पंचायतीचा झाडूवाला हाय की." मी म्हणालो, "माल माझा हाय." आन् कंबर धरून पुढं सरकत राहिलो.

आक्काच्या दारापाशी पोचलो तवा ती बाहेर आली. डोकं धुतलेलं होतं. कानामागं गुलाबी राहिलं होतं.

"काय करताय?"

"माझा माल उचलतोय, आक्का."

तिनं केरसुणीकडं बघितलं. बसा म्हणाली नाही. मग म्हणाली, "आतारणी असती तर?"

"दाखला मागितला असता."

"आन् संपत्या आत बसून ऱ्हायला असता."

"व्हय."

"मग पुन्यांदा मोजाया लावलं असतं आमी."

"व्हय, आक्का."

"पडले असते तरी चाललं असतं वो. पडले हे कळलं तरी असतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुमी तिची शपथ घातली. दुसऱ्या कुणाचीबी घातली असती तर मी इचारलं असतं."

ती आत गेली.

मी अंगण झाडलं. उंबऱ्यावर तिच्या पदरातला गुलाल जाड सांडला होता, तिथंच ती ओवाळून घ्यायला उभी होती ना. वाकलो, तर केवड्याचा वास आला. केरसुणी टेकवली, तेवढ्यात आतनं आवाज आला.

"उंबऱ्यावरचा ऱ्हाऊ द्या. तो आतारणीचा हाय."

मी केरसुणी उचलली. पिशवीत माती आन् गुलाल एक झालं होतं. तोंडाला तिच्यासारखी दुहेरी गाठ मारायला गेलो, जमली नाही. मग पिशवीचं तोंड तसंच मुठीत धरलं आन् एसटीच्या थांब्याकडं चालायला लागलो.